मत आणि दर्शन

पुण्याहून पंढरपूर म्हणजे काही दूरदेशीचा प्रवास नव्हे. सकाळी आगगाडीत बसलेला मनुष्य कुर्डुवाडीवरून वळून त्याच दिवशी चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेवू शकतो. एवढ्याशा प्रवासाचे वर्णन मासिकात छापण्यास पाठवावे, हे कित्येकांस हास्यास्पद वाटेल. परंतु हा दोनअडीचशे किलोमीटरांचा टप्पा ओलांडावयास आमच्या घराण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला; आणि तो का लागला, हे सांगण्यासाठीच प्रस्तुतचा लेख आहे.

आम्ही दोघेच निघालो होतो : मी आणि माझी वडील बहीण अक्का. पौष महिना होता. वारी नव्हती, एकादशी नव्हती. अक्काचे गुडघे गर्दीस भितात, म्हणून मुद्दामच आडवार पाहिला होता. तिच्या हातात नेहमीची कापडी पिशवी होती, आणि तीत फराळाच्या डब्याखाली आमच्या आजीचा एक जुना खणाचा बटवा होता. त्या बटव्याची हकीकत ओघाने येईलच.

आगगाडीचा डबा ही मतांची मंडई होय. दौंड मागे पडले नाही तोच आमच्या डब्यात बाजार भरला. प्रथम कांद्याचा भाव आला, मागोमाग उसाचे बिल आले, मग निवडणुका, मग राखीव जागा. आणि गाडी पंढरीच्या दिशेने चालली असल्यामुळे शेवटी देवळांचा विषय निघाला. पेढीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "सरकारला देवळांत हात घालण्याचं कारणच काय?" समोरचे तितक्याच जोराने उत्तरले, "बडव्यांच्या हाती होतं तेव्हा यात्रेकरूंचे काय हाल होत ते विचारा!" एका तरुणाने हातातील मोबाइलवर कोणाचे तरी भाषण लावून दोघांनाही गप्प करण्याचा प्रयत्न केला. साठी उलटली तरी शिक्षकाची खोड जात नाही. मीही सरसावून बसलो आणि १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम, त्याने रद्द केलेले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क, त्यावर चाललेले खटले, १९८५ मध्ये समितीकडे आलेला कारभार आणि अखेर २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय, असा सगळा धडा त्या मंडळींस शिकविला. कोणी ऐकले असेल असे वाटत नाही; प्रत्येक जण आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

खिडकीशी गळ्यात तुळशीची माळ असलेला एक वृद्ध शेतकरी बसला होता. माझे व्याख्यान संपल्यावर तो नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, देऊळ कुणाच्या ताब्यात हाय ते तुमी बगा. दर्शनाची बारी आज कुठपतूर आली आसंल, तेवढं कुणाला ठावं हाय का?" ते आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते.

त्यानंतर मी थोडा वेळ बाहेर पाहत बसलो. बाहेर ज्वारीची शेते धावत होती आणि डोक्यात व्याकरण. 'मत' हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! तो 'मन्' धातूपासून झालेला आहे, आणि त्याचा प्रत्यय सामान्यतः भूतकाळ दाखवितो. 'गत' म्हणजे गेलेले, 'कृत' म्हणजे केलेले, तद्वत् 'मत' म्हणजे मानून झालेले. चाललेल्या विचारास मत म्हणत नाहीत. विचार थांबला, की त्याचे मत होते. उलट 'दर्शन' पाहा. 'दृश्' धातूपासून झालेला हा शब्द पाहण्याची क्रियाच सांगतो. आपल्या पूर्वजांनी सांख्य, वेदान्त इत्यादी तत्त्वविचारांस दर्शने म्हटले, आणि देवापुढे उभे राहण्यासही दर्शनच म्हटले. आमच्या घरात तीन पिढ्या मते भरपूर होती. दर्शन मात्र नव्हते.

कुर्डुवाडीस उतरलो तेव्हा आजोबांची आठवण झाली. त्यांच्या काळी येथून पंढरपुरास बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी जात असे. अडीच फूट रुंदीचा तो मार्ग १९०६ मध्ये पंढरपुरापर्यंत पोहोचला. वारीच्या दिवसांत तिला मुंगळ्यांसारखी माणसे लगडत, असे आजी सांगे. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि लहान गाडी केवळ जुन्या माणसांच्या बोलण्यात उरली आहे. आजोबा त्या गाडीने दर आषाढीस पंढरीस जात, आणि लग्न झाल्यापासून आजीही त्यांच्याबरोबर जाई. हा नेम १९४६ च्या आषाढीपर्यंत चालला.

१९४७ मध्ये काय घडले हे वाचकांस विदित आहेच. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महिनोन्महिने महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिराची दारे सर्वांसाठी उघडण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. देशास स्वातंत्र्य मिळण्यास तेव्हा तीन महिने अवकाश होता. ज्या गावी संतांनी जातिभेदाचा कोट आतून पोखरला, त्याच गावच्या देवाच्या दारी चोखोबाच्या वंशजांस पाऊल टाकावयास इतकी शतके लागावी आणि एका सत्पुरुषास त्यासाठी प्राण पणाला लावावे लागावे, ही गोष्ट आज आपल्यास खाली मान घालावयास लावते.

आमच्या आजोबांनी मात्र त्या दिवशी मान ताठ केली. ते दुष्ट नव्हते. दारी आलेल्यास उपाशी धाडू नये हे त्यांचे व्रत होते. परंतु शास्त्र मोडले असे त्यांचे मत झाले, आणि मत झाल्यावर त्यांचा विचार थांबला. "त्या देवळात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असे त्यांनी ओट्यावर चार जणांसमक्ष सांगितले, आणि मरेपर्यंत पाळले. चौघांनी वाहवा केली. त्यांचे काय गेले? सकाळची पूजा, दुपारची पोथी, संध्याकाळची ओट्यावरील चर्चा, सर्व यथास्थित चालू राहिले. उलट एका निग्रही पुरुषाचा मान त्यांस मिळाला.

गेले ते आजीचे. तिला कोणी विचारले नव्हते. मंदिरात कोणी यावे, कोणी येऊ नये, याविषयी तिने कधी चकार शब्द काढल्याचे अक्काला स्मरत नाही. तिला वर्षातून एकदा विठोबाच्या पायांवर डोके ठेवावयाचे होते, इतकेच. आजोबा गेल्यावर माझे वडील तिला म्हणाले, "आता तू जाऊन ये." तेव्हा ती म्हणाली, "इकडून पाय मागे घेतला, तो मी पुढे कसा टाकू?" १९७० च्या दिवाळीनंतर ती वारली. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. तिच्या फडताळात हा बटवा सापडला. त्यात २४ नाणी होती. अक्काला त्याचा उलगडा ठाऊक होता : १९४७ पासून दर आषाढी एकादशीस ती एक नाणे विठोबाच्या नावाने बाजूस काढून ठेवीत असे.

ते बटव्यातील नाणे आणि नाणे मी परवा हातात घेऊन पाहिले. पहिल्या पावलीवर एका बाजूस इंग्रजांचा राजा आहे आणि दुसऱ्या बाजूस वाघ. पुढच्या काहींवर अशोकस्तंभाचे सिंह आले आहेत. मग १९५७ मध्ये दशमान पद्धती आली, आणि तेथपासून नवे पैसे सुरू होतात. राज्य गेले, राज्य आले, आणे जाऊन पैसे आले. वर्तमानपत्रांचे रकाने या घडामोडींवरील मतांनी भरून गेले. आमच्या आजीने त्या सर्वांची नोंद एकाच वहीत ठेवली : दर वर्षी एक नाणे, आणि दर वर्षी एक न घडलेले दर्शन.

येथपर्यंत वाचून, लेखक आजोबांस दोष देऊन स्वतः नामानिराळा राहणार, असे कोणास वाटेल. तसे करता आले असते तर हा लेख लिहिणे सोपे झाले असते. माझे मत लहानपणापासून आजोबांच्या उलट. नोकरीच्या सर्व वर्षांत इतिहासाच्या तासास साने गुरुजींचे उपोषण मी इतक्या तळमळीने शिकवीत असे की मुले स्तब्ध होत. मंदिरे सर्वांची, पूजेचा अधिकार सर्वांस, हे मी सभांतून सांगितले. २०१४ मध्ये मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागविले, तेव्हा मी ओट्यावर पेढे वाटले. तो ओटा तोच. चार जणांची वाहवाही तशीच. परंतु माझ्या आईने एकदा, १९९८ मध्ये, भीतभीत विचारले होते, "मला एकदा पंढरपूर दाखवशील का?" मी म्हणालो, "फार गर्दी असते, पाहू पुढे." ते पुढे कधी आले नाही. आई गेली. आजोबांनी मत म्हणून नेले नाही, मी आळस म्हणून नेले नाही. दोघी सासू-सुनांना फळ एकच मिळाले. माझे मत आजोबांहून भिन्न होते, परंतु त्या मताचीही मला कवडी पडली नव्हती.

असो. पंढरपूर स्थानकावरून आम्ही रिक्षाने घाटावर गेलो. येथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वरच्या अंगास उजनीचे धरण झाल्यापासून नदीचे पाणी बरेचसे धरणाच्या मर्जीवर आहे. आम्ही गेलो तेव्हा पात्राच्या मधोमध एक ओढ तेवढी वाहत होती. वाळवंटात पुंडलिकाचे देऊळ आहे. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवालाही विटेवर थांबावयास सांगितले, ही कथा मी शाळेत किती वेळा सांगितली असेल! त्या देवळासमोर उभे राहिल्यावर आईचे ते वाक्य आठवले आणि मला वर पाहवेना.

चिंचोळ्या गल्लीतून मंदिराकडे जाताना दोहो बाजूंस बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा, चुरमुरे आणि पेढे यांची दुकाने लागतात. मंदिरात दर्शनाचे दोन प्रकार आहेत. दुरून मुख पाहून जावयाचे असेल तर रांग लवकर सरते. देवाच्या पायांवर डोके ठेवावयाचे असेल तर दर्शनमंडपाचे मजले चढत-उतरत बारीत उभे राहावे लागते. मी अक्काच्या गुडघ्यांकडे पाहून मुखदर्शन सुचविले. ती म्हणाली, "अरे, दुरून पाहायचं तर घरच्या तसबिरीने काय पाप केलं होतं?" आम्ही बारीत उभे राहिलो.

साडेतीन तास लागले. आमच्या पुढे लातूरकडील एक कुटुंब होते, मागे कोल्हापूरकडील दोन बाया, त्यांच्यामागे कर्नाटकातून आलेला एक मेळा. गाडीतील मताभिमानी गृहस्थ पाच-सहा माणसे सोडून पुढे होते. त्यांनी एकदा मागे वळून हात केला, इतकेच. मला आश्चर्य वाटले ते याचे की साडेतीन तासांत तेथे मत असे कोणीच मांडले नाही. अक्का खाली बसली तेव्हा मागच्या बाईने न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली. अक्काने ती उष्टी न करता वरून पाणी प्यायले आणि तिच्या नातवाच्या हातावर आमच्या डब्यातील लाडू ठेवला. कोणाचे गाव कोणते हे कळले. त्यापुढे कोणी चौकशी केली नाही. ज्यांना एकाच ठिकाणी पोहोचावयाचे आहे, त्यांस एकमेकांचे मूळ विचारण्यास फुरसत नसते.

सोळखांबीतून चौखांबीत आलो आणि माझ्या मनाने मला फसविले. गाभाऱ्यात उभा असलेला पुजारी तरुण होता. माणसांची डोकी तो हलकेच टेकवी आणि पुढे सरकवी. त्याला पाहताच माझ्या जिभेवर प्रश्न आला, "आपलं आडनाव काय?" मी दचकलो. पेढे वाटणारा मी, व्याख्याने देणारा मी. आणि विठोबा चार हातांवर असताना मला पुजाऱ्याचे आडनाव हवे होते! त्या उत्तराने माझ्या नमस्कारात काय फरक पडणार होता? काहीच नव्हे, असे मी शपथेवर सांगेन. तथापि प्रश्न आला, हे खरे. आजोबा वारून कितीक वर्षे झाली, पण त्या घटकेस ते माझ्या घशाशी उभे होते. मी प्रश्न गिळला. मंदिराची दारे १९४७ मध्ये उघडली. आमच्या घरचे एक दार आणखी आत होते, ते उघडण्याचे काम कोणा महात्म्यावर सोपविता येण्यासारखे नव्हते.

इतक्यात "चला माउली, पुढे व्हा," असा शब्द आला, आणि अक्काचे डोके पायांवर टेकले, मागोमाग माझे. सगळे मिळून दोन-तीन क्षण. कपाळास दगडाचा गारवा लागला. लक्षावधी कपाळांच्या स्पर्शाने ते चरण झिजत आले आहेत. त्यांच्या रक्षणासाठी मूर्तीस लेप द्यावा लागतो. दगड झिजविणारी ती लक्षावधी कपाळे कोणाची, याचा हिशेब दगडाने ठेवलेला नाही. मी काही मागितले नाही. मला सुचलेच नाही.

रुक्मिणीचे देऊळ स्वतंत्र आहे. देवावर रुसून ती दिंडीरवनात जाऊन बसली, अशी कथा आहे. तिच्या पायांवर डोके ठेवून उठताना अक्का हळूच म्हणाली, "हिला रुसायला वन तरी होतं. आजीला रुसताही आलं नाही."

दानपेटीशी येऊन तिने बटवा सोडला. पंचवीस पैशांचे आणि त्याखालचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद झाले. मग आजीच्या नाण्यांस बाजारात कोण विचारणार? मी तसे म्हणालोही. अक्का म्हणाली, "वाण्याला द्यायची नाहीत." तिने एकेक नाणे मोजून आत टाकले. तेवीस झाली. चोविसावे तिने मुठीत ठेवले.

मंदिराबाहेर महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. संतांचे पाय आपल्या माथ्यास लागावेत म्हणून नामदेवांनी येथे देह ठेवला अशी श्रद्धा असल्यामुळे, वारकरी त्या पायरीस पाय न लावता हात लावून पुढे जातो. तिच्या समोरच चोखामेळ्याची समाधी आहे. जवळच्या मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी येथे आणल्या असे सांगतात. जिवंतपणी ज्याला दाराच्या आत येऊ दिले नाही, त्याला मेल्यावर दारासमोर जागा मिळाली.

अक्का तेथे थांबली आणि तिने मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. १९५१ मध्ये कोणा आप्ताच्या कार्यासाठी आजोबा-आजींस पंढरपुरास यावे लागले होते. आजोबा महाद्वारापर्यंत आले, नेमक्या या समाधीपाशी उभे राहिले, शिखराकडे पाहून हात जोडले आणि परतले. आजी त्यांच्या मागे उभी होती. पुढे पुरुषमाणूस उंच, त्यामुळे तिला कळसही नीटसा दिसला नाही. आजीने हे अक्कास एकदाच सांगितले होते, तेही हसत.

मी त्या जागेकडे पाहत राहिलो. बाहेर उभे राहून कळसास हात जोडावयाचे, हीच तर चोखोबाच्या नशिबी आलेली शिक्षा! ती त्यांच्यावर लादली गेली; आजोबांनी ती स्वतःस लावून घेतली आणि तिला धर्म म्हटले. दुसऱ्यास बाहेर ठेवण्याचा हट्ट धरता धरता हा करारी मनुष्य आपण होऊन बाहेर जाऊन उभा राहिला, आणि तेही नेमक्या चोखोबाच्या शेजारी. त्यांना ते कळले असेल का? मला वाटते, घटकाभर कळले असावे. नाहीतर ते इतका वेळ तेथे थांबले नसते. पण मत आड आले.

अक्काने चोविसावे नाणे समाधीवर ठेवले. ते १९५१ चे होते.

परतीच्या गाडीत पुन्हा मंडई भरली. या वेळी विषय अर्थसंकल्पाचा होता. मी व्याख्यान दिले नाही. मते असू नयेत, असे माझे म्हणणे नाही. मताशिवाय साने गुरुजींचे उपोषणही झाले नसते. परंतु त्यांच्या मताची किंमत ते स्वतःच्या देहाने द्यावयास बसले होते. आमच्या ओट्यांवरील मतांची किंमत माजघरात कोणी तरी मुकाट्याने चुकते करीत असते, हा फरक आहे. पाणिनीने तर एक सवलतही देऊन ठेवली आहे : 'मन्' आणि त्या अर्थाचे धातू यांना तो भूतकाळाचा प्रत्यय वर्तमानकाळीही चालतो, असे त्याचे सूत्र सांगते. म्हणजे मत हे मानून संपलेलेच असले पाहिजे असे नाही. ते आज, या क्षणी, पुन्हा मानून पाहता येते. ही सवलत वैयाकरणांनी वापरली, आम्ही घरांत वापरली नाही.

वाचकांस एकच विनंती आहे. राजकारण, धर्म, देवळे, सुधारणा यांवर आपले जे मत असेल ते खुशाल असू द्यावे. परंतु एखाद्या दुपारी घरातील वडील बायकांच्या फडताळाशी जाऊन बसावे आणि तुमचे काय राहिले आहे, असे त्यांना विचारावे. बटवा निघाला, तर त्यातील नाणी मोजावीत. आणि शक्य असेल तर ती चलनात आहेत तोवरच त्यांना गाडीत बसवावे.